ताराचंदभाऊचं चूर्ण

६ सप्टेंबर

आज दवाखान्यात रुचिका सिस्टरनं बीपी तपासलं. वरचं एकशे सत्तर, खालचं शंभर. मागच्या महिन्यातही एवढंच होतं. त्या म्हणाल्या, "मावशी, गोळी रोज घेता ना?" मी म्हटलं, एक दिवस चुकवली नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गुरुजी गृहपाठ न केलेल्या पोराकडे पाहतात. गोळी वाढवून दिली.

खोटं कशाला बोलू? हे गेले ते बीपीनंच. सकाळी आंघोळ करून आले, अंगात सदरा घालायला हात उचलला तो अर्ध्यातच राहिला. नागपूरला नेलं, आठवडाभर ठेवलं, आणि परत आणलं ते तसं. त्याला आता दोन वर्षं होतील. जिनं हे पाहिलं ती बाई गोळी चुकवेल का?

लोणचं सोडलं. पापड सोडले. वरणात मीठ अर्ध्यावर आणलं. सुकी मासळी तर यांच्या मागे घरात आलीच नाही. तरी बीपी जागचं हलत नाही. पोट मात्र रोज दगडासारखं.

मी चौथी शिकले. पुढचं सगळं किराणाच्या पुड्या वाचून. पुडी सोडली की कागद सरळ करायचा आणि वाचायचा. पुढे पेपर घरी यायला लागला. यांना वाचता येत नव्हतं. संध्याकाळी मी वाचत असे आणि हे मधे मधे "मग?" म्हणत. "मग?" म्हणणारं आता कोणी नाही, म्हणून या वहीत लिहिते.

९ सप्टेंबर

वाचनालयात जुन्या पुरवण्यांचा गठ्ठा होता, त्यात एक लेख सापडला. पोट आणि रक्तदाब यांचा संबंध. मी तिथेच उभ्यानं वाचायला लागले, मग पान मागून घरी आणलं.

लेखात लिहिलं आहे की आपल्या आतड्यात करोडो जंतू राहतात. सगळे वाईट नसतात, बरेचसे कामाचे असतात. आपण भाजीपाला, डाळी, कोंड्यासकट धान्य खाल्लं की त्यातला चोथा त्यांना मिळतो. त्यातून ते जे तयार करतात ते रक्तात जातं आणि नसा सैल ठेवतं. हे जंतू बिघडले तर बीपी चढायला मदत होते. शास्त्रज्ञ अजून शोधतच आहेत, असंही लिहिलं आहे.

म्हणजे खरं मूळ पोटात असू शकतं! मी एवढे दिवस डोकं धरून बसले होते.

खाली मिठाबद्दलही बराच मजकूर आहे. तो काही मी वाचला नाही. मिठाचं मला माहीत आहे.

पोट साफ ठेवायचं असं ठरवलं. आपल्या घरचं चूर्ण आहेच. आतापर्यंत रात्रीच घेत होते, आता सकाळीही घ्यायचं.

१४ सप्टेंबर

बाजार. भाऊजींच्या दुकानात बसले, नेहमीसारखी.

हे कोणाला वाचायला मिळणार नाही, तरी लिहून ठेवते. भाऊजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ, तेजराम. आमच्या घरचं पोटाचं चूर्ण तीन पिढ्यांचं आहे. सासऱ्यांच्या वेळी फुकट देत, हे असताना विकायला लागलो, आता भाऊजी बघतात. यांच्या मागे भाऊजींनी फलक रंगवून घेतला, "ताराचंदभाऊचं चूर्ण", आणि बाजूला यांचा फोटो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बाजारात रडू आलं होतं. माणूस गेला की चार महिन्यांत नाव जातं. यांचं नाव दर आठवड्याला अड्याळच्या बाजारात उभं असतं.

माझं काम पुड्या बांधायचं, आणि गिऱ्हाइकांसमोर एक चमचा घ्यायचं. भाऊजी म्हणतात, "वहिनी, तुमी घेता म्हणून लोक घेतात." आज तीन-चारदा घ्यावं लागलं, गर्दी होती.

शेजारी उषाबाई वांगी विकते. ती ओरडली, "अवो रुखमाबाई, ते चूर्ण जरा जपून देत जा! माझ्या दादल्यानं दोन चमचे खाल्ले, न् सकाळी तळ्याकडे असा पळला का मले वाटलं मागं वाघ लागला!"

भाऊजी म्हणाले, "मग? गुन आला ना!"

"गुन आला, पन चप्पल नाही आली परत!"

खूप दिवसांनी हसले.

२२ सप्टेंबर

रंभाबाई, माझी जाऊ, भाऊजींची बायको, सकाळी बासी घेऊन आली. रात्रीचा भात पाण्यात ठेवून आंबवलेला, त्यावर कांदा. मी तिला लेखातलं सांगितलं की असलं आंबलेलं पोटाला चांगलं असावं. तिला एकदम बरं वाटलं. म्हणाली, "मग बासीच खात जा ना बाई. चूर्ण नका घेऊ इतकं."

मी म्हटलं, "काहून? चूर्णानंच तं पोट हलते."

"नाही, मी आपली म्हनते. दोन टाइम कायले? कमीच घ्या. न् घेतलंच नाही तं अजून चांगलं."

"तुमच्या घरचं संपते का मी घेतल्यानं?"

रंभा वाटी विसळून घेऊन गेली.

मला वाईट वाटलं, पण खरं लिहायचं तर लिहिते. रंभाचा हात आखडता आहे, आधीपासूनच. विकायच्या पुड्या मी खाते हे तिला खुपत असेल. भाऊजी तसे नाहीत. संध्याकाळी मोठा डबाच भरून आणून दिला. "वहिनी, तुमाले मोजून घ्यायचं काम नाही. दादाचंच आहे हे."

३ ऑक्टोबर

एकशे शहात्तर. गोळी वाढवूनही वर. शिवाय पायावर सूज आहे, चप्पल रुतते. सिस्टरनं बोटानं नडगी दाबली तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

रुचिका सिस्टर पोरगीच आहे, पण आज तिनं खुर्ची ओढून समोर बसवलं. "मावशी, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात घालता, सगळं सांगा. खर्रा?"

"छे!"

"तंबाखू घासता?"

"नाही वो."

मी सगळं सांगितलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, पालेभाजी, बासी, दोन वेळा चहा. लोणचं नाही, पापड नाही. तिनं लिहून घेतलं. "दुखण्याच्या गोळ्या? दुकानातून आणून?" नाही. "मग काहीच जमत नाही हो," म्हणाली. "एवढं सांभाळून बीपी वर आणि अंगावर पाणी. आपण भंडाऱ्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवू."

घरी येताना वाटलं, यांचंही असंच होतं. गोळ्या खाऊन खाऊन बीपी चढत होतं. माझंही तेच व्हायचं आहे का? मरणाची भीती नाही वाटत. माझ्या लेकीला, मेघाला, सातवा चालू आहे, तिचं बाळंतपण होईपर्यंत तरी राहावं, एवढंच.

११ ऑक्टोबर

आज चूर्ण कांडलं. कंबर धरली आहे.

आमच्या घरची रीत अशी की चूर्ण चक्कीवर दळायचं नाही, सुनांनी उखळात कांडायचं. हिरडा, सोनामुखी, ओवा, सुंठ, बडीशेप. वस्त्रगाळ झालं की परात उचलून घरातल्या पुरुषाच्या हाती द्यायची. तो आतल्या खोलीत दार लावून ते पूर्ण करतो. आत काय घालतात ते सुनांनी पाहायचं नाही आणि विचारायचं नाही, नाहीतर औषधाचा गुण जातो. सासूबाईंनाही माहीत नव्हतं. आधी सासरे पूर्ण करत, मग हे, आता भाऊजी. एकदा लग्नानंतर मी यांना विचारलं होतं तर हे हसून म्हणाले, "तुला सांगितलं तर लोकांची पोटं फुगतील." परात आत जाते तेव्हा अर्धी असते, बाहेर येते तेव्हा काठोकाठ. चव खारट असते, पण चूर्णाला खार असणारच, औषधाचा खार तो.

दमले होते. भाऊजींना म्हटलं, ताजं आहे, घ्या तुम्ही पण एक चमचा.

"मले कायले वहिनी? माझं पोट घड्याळावानी चालते."

खरंच, भाऊजींना मी कित्येक दिवसांत चूर्ण घेताना पाहिलं नाही. आधी तर यांच्यासोबत जेवल्यावर तळहातावर घेत. काही काही माणसांची प्रकृतीच चांगली.

२० ऑक्टोबर

मेघा आली! जावई प्रविणराव स्वतः सोडून गेले. ते चिखल्याला खाणीत आहेत, एकच दिवसाची सुट्टी होती. म्हणाले, "आई, आता तुमच्या हवाली." सातव्यात आणायची होती, तिच्या सासूबाई आजारी पडल्या म्हणून लांबलं. आठवा लागला. चेहरा यांच्यासारखा दिसायला लागला आहे तिचा, नाक पण सुजून मोठं झालं आहे.

रंभाला स्वतःचं लेकरू नाही. मेघाला तिनंच कडेवर वाढवली, मी शेतात असायचे. आल्याबरोबर तिनं पोरीला असं धरलं की मला बाजूला व्हावं लागलं.

रात्री मेघा म्हणाली, "आई, चार दिवस झाले पोट साफ नाही झालं." मी म्हटलं, घरात गंगा आणि तू तहानलेली! एक चमचा कोमट पाण्यातून दिला.

२४ ऑक्टोबर

आज लिहिलं नाही तर उद्या मला ते खोटं वाटायला लागेल.

सकाळी मेघाला दवाखान्यात नेलं. एकशे बावन्न, पंच्याण्णव. मागच्या महिन्यात तिकडे चांगलं होतं. सिस्टरनं लघवी तपासायला घेतली, उद्या परत या म्हणाल्या, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच या म्हणाल्या.

घरी आल्यावर मेघानं पोटाची तक्रार केली. मी पेल्यात चूर्ण कालवत होते. रंभा दारातून आली, हातातली वाटी खाली ठेवली आणि माझ्या हातातला पेला घेऊन अंगणात भिरकावला.

मी म्हटलं, "येडी झाली का तू?"

"पोरीले नका देऊ."

"काहून?"

"नका देऊ म्हनते ना! तुमी घेतलं, मी पाहत राहिली. पापच केलं. पोरीले देताना नाही पाहू शकत मी."

तिनं माझा हात धरला आणि ओढत त्यांच्या घरी नेलं. भाऊजी पवनीला गेले होते. आतल्या खोलीची कडी काढली. मी उंबऱ्यावर थांबले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्या खोलीत पाय नव्हता ठेवला. रंभा म्हणाली, "या ना आत. गुन जाते तं जाऊ द्या एकदाचा."

आत दोन पोती होती. एका पोत्यात काळ्या मिठाची भुकटी. दुसऱ्यात खायचा सोडा. एक लाकडी पायली. बस, दुसरं काही नाही. जडीबुटी नाही, मुळी नाही. मी पोत्यात बोट घातलं, जिभेवर ठेवलं. तीच चव.

"अर्धी परात कांडलेलं," रंभा म्हणाली, "त्याच्यावर तेवढंच हे. मीठ, बाई. न् सोडा."

मी तिथेच पोत्याला टेकून बसले. आणि ती बोलायला लागली, भिंतीकडे तोंड करून. यांना, मोठ्या दिराला, ती भासरे म्हणते.

"भासरे नागपुरात होते तवा डॉक्टरनं आमाले बाजूले बोलावलं. तुमी आत त्याइचे पाय दाबत होत्या. डॉक्टर म्हने, पेशंट रोज काय खाते ते खरं सांगा, गोळ्यानं बीपी उतरत कसं नव्हतं? यायनं, तुमच्या भाऊजीनं, खिशातून पुडी काहाडली. डॉक्टरनं चाखली न् थुकली. म्हने, हे तं मीठच आहे! चमचा चमचा मीठ खाल्ल्यावर गोळी काय करन? म्हने, घरात आनखी कोनी घेत असन तं आजच बंद करा. आजच, म्हने."

"मग?"

माझ्याच तोंडून हा "मग?" निघाला.

"मग घरी आल्यावर यायनं सोताचं बंद केलं. माहंबी बंद केलं."

"न् माहं?"

"तुमी बजारात घेता ना लोकाइसमोर," ती म्हणाली.

 बाहेर मेघा हाक मारत होती.

मी म्हटलं, "दोन वर्षं, रंभा. तू मले काहून नाही सांगतलं?"

"सांगत तं होती. रोज म्हनत होती, नका घेऊ, कमी घ्या, बासी खा. तुमाले वाटलं पुडीसाठी जीव जाते माहा."

"कारन नाही सांगतलं."

"कारन सांगतलं असतं तं यायनं मले या घरात राहू देलं असतं का? ना लेकरू, ना माहेर. कुठं गेली असती मी?"

मी उठून आले.

२५ ऑक्टोबर

डबा उकिरड्यावर रिकामा केला. मेघाला काही सांगितलं नाही, सिस्टरना सांगितलं.

२७ ऑक्टोबर

भाऊजी स्वतःच आले. रंभानं सांगितलं असावं, तिचा डोळा सुजलेला होता. पाण्याचा तांब्या दिला तर घेतला नाही. ओट्यावर बसले, जिथे हे बसत.

मी विचारलं, "डॉक्टरनं सांगतलं होतं का नाही?"

"वहिनी, डॉक्टर काय! एक म्हनते मीठ, एक म्हनते तेल, एक म्हनते टेन्शन. दादा बिड्याबी ओढत होते. तीन पिढ्या लोक खाऊन राहिले, सारे मेले का?"

"मग तुमी काहून सोडलं?"

ते ओट्याचा पोपडा नखानं काढत राहिले.

"भाऊजी, मी तुमाले विचारून राहिली."

"मले भेव वाटलं," ते म्हणाले.

एवढंच जर ते म्हणून थांबले असते तर मी कदाचित रडले असते, त्यांच्यासोबत. पण माणूस थांबत नाही. म्हणाले, "बंद केलं असतं तं लोकाइनं काय म्हटलं असतं? ताराचंदले त्याच्याच घरच्या चूर्णानं मारलं. दादाचं नाव वाचवलं मी, वहिनी. फलकावर लावलं, फोटो लावला."

"न् मले काय लावलं तिथं? मी कोन होती, चमचा?"

"तुमाले काही झालं नाही ना पन!"

माझे पाय बघा म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. त्यांनी जाता जाता मागे वळून म्हटलं, "न् कांडत तं तुमीच होत्या."

तेव्हापासून ते वाक्य घरात फिरतं आहे.

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. केली म्हणायची.

तो लेख आज परत काढला, खालचा भाग वाचायला. लिहिलं आहे की जास्त मिठानं आतड्यातले चांगले जंतू मरतात, असं काही तपासण्यांत दिसलं आहे. म्हणजे मी पोट सुधारायला जे दुप्पट केलं त्यानं पोटही बिघडत असेल आणि बीपीही. वरचा अर्धा वाचून मी शहाणी झाले होते.

कोणावर जास्त राग आहे ते मला नीट कळत नाही. भाऊजींचा विचार केला की डोकं बधिर होतं. रंभाचा विचार केला की चटका बसतो. तिच्या हातचं मी रोज खात होते. ती दर सकाळी माझ्यासमोर बसून मला चूर्ण घेताना बघत होती. तिला मी माफ करणार नाही. ती अजूनही बासी आणून ठेवते. मी बोलत नाही. वाटी रिकामी करून ओट्यावर ठेवते, ती घेऊन जाते.

१६ नोव्हेंबर

एकशे बेचाळीस, अठ्ठ्याऐंशी. पायाची सूज उतरली. गोळी तीच.

सिस्टर म्हणाल्या, "मावशी, मी तुम्हाला सगळं सांगा म्हटलं होतं ना?"

मी म्हटलं, "चूर्ण मी खाण्यात धरलं नाही, न् औषधातबी नाही. ते घरचं होतं."

मग हिंमत करून विचारलं, यांचं जे झालं ते यानंच का? सिस्टरनं लगेच हो म्हटलं नाही, त्याचं बरं वाटलं. म्हणाल्या, "तसं कोणीच सांगू शकणार नाही. बीपीला दहा कारणं असतात. पण रोज एवढं मीठ पोटात जात असेल तर गोळीला काम करणं कठीण जातं. आणि मेघाचंही त्यानंच वाढलं असं मी म्हणणार नाही, गरोदरपणात ते आपोआपही वाढतं. फक्त असलं काही तिला द्यायचं नाही."

म्हणजे मी आयुष्यभर खात्रीनं काही म्हणू शकणार नाही. एवढंच म्हणू शकते, की जीव वाचायची एक संधी होती आणि ती दार लावून ठेवली होती. यांना ती कळली नाही, मला कळू दिली नाही.

२१ नोव्हेंबर

मेघाचं डोकं दुखायला लागलं, हातपाय सुजले. सिस्टर म्हणाल्या, आत्ताच भंडाऱ्याला न्या. गाडीची वाट पाहायला वेळ नव्हता. मी रस्त्यावर उभी आणि समोरून भाऊजी पिकअप घेऊन आले, कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. काही न बोलता मागे गादी टाकली. रंभा मेघाचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी पायाशी. धानाची कापणी चालू आहे, वाटेत कापलेल्या धानाच्या कडपा पसरल्या होत्या, त्या चुकवत चुकवत पण जोरात नेलं त्यांनी.

दवाखान्यात धावपळ त्यांनीच केली. रक्त द्यावं लागलं तर स्वतःचं दिलं.

अशा माणसाचं काय करावं? वाईटच असता तर सोपं होतं.

२२ नोव्हेंबर

दुपारी मुलगी झाली. जरा कमी वजनाची आहे, पण रडते मोठ्यानं. मेघाचं बीपी अजून बघतात, उतरत आहे म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलं.

भाऊजींनी पोरीला हातात घेतलं आणि म्हणाले, "दादाचं नाक."  दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांच्या पाण्याचा राग आला, आणि माझ्या पाण्याचाही.

२८ नोव्हेंबर

घरी आलो. मायलेकी ठीक.

संध्याकाळी भाऊजींच्या घरातून घरघर आली. मेघा म्हणाली, "काकानं मिक्सर आणला वाटते."

मी ओळखलं. उखळाला आता माझी गरज नाही. मला वाटलं होतं, पिकअपमध्ये एवढं सगळं पाहिल्यावर ते आपणहून थांबतील. मी मूर्खच. त्यांना वाटलं असेल, गाडी आणली, रक्त दिलं, फिटलं.

३० नोव्हेंबर

बाजाराला गेले. नेहमीच्या जागेवर, फलकाखाली, भाऊजींच्या शेजारी बसले. त्यांना वाटलं मी समजले. पुड्या बांधायला कागद पुढे सरकवले. मी हात लावला नाही.

पहिली एक बाई आली, एकोडीकडची. "सासूले लकवा होऊन गेला. पोट साफ नाही होत तिचं. एक डबा द्या."

मी विचारलं, "तिले बीपी आहे का?"

"आहे ना. त्याच्यानंच तं लकवा."

"मग नका नेऊ. याच्यात अर्धं मीठ आहे. न् सोडा."

भाऊजी हळूच म्हणाले, "वहिनी, घरी चला."

ती बाई फलकाकडे बघत होती. "पन हे तं ताराचंदभाऊचं ना? त्याइचं तं नाव आहे मोठं."

मी म्हटलं, "मी त्याइचीच बायको. नस फुटून गेले ते. रोज खात होते हे, न् बीपी गोळीनं उतरत नव्हतं. मीबी खात होती, माहंही उतरत नव्हतं. सोडलं, न् उतरलं. एवढं मले माहीत आहे. त्याच्यापुढचं डॉक्टरले विचारा."

बोलताना मी यांच्या फोटोकडे पाहिलं नाही. ज्या नावासाठी इथे रडले होते, ते माझ्याच तोंडानं खाली उतरवत होते. उषाबाईचा तराजू हातातच राहिला होता. 

लोक जमले. कोणी म्हणे, दीर-भावजयीत वाटणीचं भांडण असेल. कोणी म्हणे, बाई म्हातारपणी फिरली. एका माणसानं हातातली पुडी परत ठेवली. आणि गोपीचंद म्हणून एक म्हातारे आहेत, दर बाजाराला घेतात, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डोकं हलवलं आणि म्हणाले, "बरोबर आहे बाई तुमचं. बीपी तं मलेबी आहे. मग आज पुरी नका देऊ, अर्धीच पुडी द्या."

भाऊजींनी अर्धी पुडी बांधून दिली.

उठताना ते म्हणाले, "दादा असते तं अशा बोलल्या नसत्या तुमी."

"तुमचे दादा असते तं मले बोलायचं कामच नसतं पडलं," मी म्हटलं.

७ डिसेंबर

सकाळी पोरीला तेल लावून रंभाजवळ दिली. तिच्याशी मी बोलत नाही. पोरगी ओरडते तेव्हा टाळू जप म्हणून सांगावं लागतं, तेवढंच.

बाजारात गेले तर नेहमीच्या जागी भाऊजी नव्हते. तिथे कोणीतरी प्लास्टिकच्या बादल्या मांडल्या होत्या. मला वाटलं, संपलं. खरंच वाटलं. जरा हलकं झालं, आणि लगेच मनात आलं की आता यांचा फोटो कुठे ठेवला असेल.

उषाबाईनं वांग्यांवर पाणी मारता मारता मान वळवली. "तिकडे गेले वो ते. बैलाच्या बजाराकडे, चिंचेखाली. तिकडच्या लोकाइले अजून माहीत नाही म्हनते."

मी बाजार ओलांडून गेले. चिंचेखाली फलक नवा होता, आधीपेक्षा मोठा. फोटोतला यांचा चेहरा ताणून रुंद झाला होता, हे असे कधीच नव्हते. भाऊजींनी मला पाहिलं आणि मान खाली घातली. बसा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

मी काखेतलं पोतं अंथरलं आणि त्यांच्या शेजारी बसले. समोरून एक माणूस खिशात हात घालत आला. भाऊजींनी पुडी उचलली.

मी विचारलं, "दादा, बीपी आहे का तुमाले?"